तिकिटावरची सगुणा

वाटूरच्या साळूबाईचं माहेरचं नाव सगुणा होतं, हे गावात फार तर चार माणसांना ठाऊक असेल. टेंभुर्णीच्या भुजंगराव तौरांची ही धाकटी लेक. तेराव्या वर्षी लग्न होऊन बोराड्यांच्या घरात आली, तर तिथं सासूचंच नाव सगुणा निघालं. एका चुलीपुढं दोन सगुणा कशा बसणार? मग आपल्याकडं करतात तसं केलं. पितळी ताटात तांदूळ पसरले, नवरदेव धर्मराजनं अंगठीनं त्यात ‘साळू’ अशी दोन अक्षरं ओढली, साखर वाटली आणि सगुणा तिथंच मिटली. तिनंही वाईट वाटून घेतलं नाही. सगळ्याच पोरींचं होत होतं.

शाळेत ती कधी गेली नव्हती, त्यामुळं सगुणा हे नाव कुठल्या वहीत नव्हतं, दाखल्यावर नव्हतं. पुढं रेशन कार्ड आलं, मतदार यादी आली, फोटोचं कार्ड आलं. सगळीकडं साळूबाई धर्मराज बोराडे. दोन लेकी झाल्या, त्या नांदायला गेल्या, सासू वारली. आणि साळूबाईला कुणी विचारलं असतं की बाई तुझं नाव काय, तर तिनंही साळूबाईच सांगितलं असतं.

एक माणूस मात्र काही केल्या साळू म्हणत नव्हता. तिचा मोठा भाऊ, रखमाजी.

आई गेली तेव्हा सगुणा दोन वर्षांची होती आणि रखमाजी दहाचा. त्यानं तिला कडेवर वाढवली. गावच्या जत्रेत गोंदणारीण बसायची. सगुणानं आठव्या वर्षी हट्टानं हातावर भावाचं नाव गोंदून घेतलं आणि तीन दिवस हात सुजला म्हणून रडली, तेव्हा तोच फुंकर घालत बसला होता. पुढं तो पलटणीत गेला, सुटल्यावर दिल्लीला एका सरकारी कचेरीत पहारेकरी झाला, तिथंच घर केलं. पण वर्षाआड का होईना, भाऊबीजेला वाटूर फाट्यावर उतरायचा. ट्रंक खांद्यावर घेऊन चालत यायचा आणि घर दिसायच्या आधीच हाळी द्यायचा, “सगुणेऽऽ”. सासू होती तोवर आतून सासूच ‘ओ’ द्यायची आणि सगळं घर हसायचं. रखमाजी सासूच्या पाया पडून म्हणायचा, “मावशी, तुमाला कशाला हाक मारू, तुमाला तर नमस्कार करतो.”

२००४ च्या दिवाळीत तो आला नाही. भाऊबीजेचं ताट सजवून साळूबाई दिवसभर फाट्याकडं बघत राहिली. पाच दिवसांनी फाट्यावरच्या संपतच्या टेलिफोन बूथवर निरोप आला, की दिल्लीहून पुन्हा फोन येणार आहे, बाईला बसवून ठेवा. साळूबाई आणि धर्मराज दोघंही जाऊन बसले. फोनवर भाचा होता, देवानंद.

“आत्या, बाबांच्या पोटातला आजार पार पसरलाय. डॉक्टर म्हणतात, आठवडा, नाहीतर दहा दिवस. तू गाडीनं नको येऊ, रिझर्वेशन मिळत नाहीये. विमानाचं तिकीट पाठवतो. औरंगाबादहून दुपारी बसायचं, चारला इथं. मी उभाच राहतो. फोटोचं कार्ड तेवढं जवळ ठेव.”

मग खरखर झाली आणि फार लांबून, विहिरीतून यावा तसा आवाज आला.

“सगुणे, ओवाळायचं राह्यलं. ये.”

तिनं नुसतं “येते” म्हटलं. रिसीव्हर ठेवला तरी हात त्याच्यावरून निघेना.

वाटूरात विमानात बसून आलेली दोनच माणसं होती. शेजारचे महेबूब शिंपी आणि त्यांची बायको चाँदबी. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून हजला जाऊन आले होते. साळूबाई आणि चाँदबीची दारं समोरासमोर आणि तीस वर्षं विरजणाची देवाणघेवाण. चाँदबीनं ऐकलं आणि पदर खोचला.

“रो नको. रोयला तिथं जाऊन रो. पहिले सामान दाखव.”

साळूबाईनं पिशवी ओतली. निरांजन, तेलवाती, काडेपेटी, कुंकवाचा करंडा, सुपारी, नारळ, टेंभुर्णीच्या मारुतीचा अंगारा, अडकित्ता, चुन्याची डबी.

“काडेपेटी काढ. विमानात आग नेऊ देतेत का? अडकित्ता काढ. नारळ काढ.”

“नारळ का म्हून? देवाचा हाय.”

“देवाचा हाय ते तुला माहीत. त्या मशीनला काय माहीत? आत काळं गोल दिसतंय न्हवं.”

“आन ओवाळू कशानं, काडी नसल्यावर?”

“दिल्लीत काडेपेटी मिळत न्हाई का? निरांजन ने, वात ने. आग तिथंच घे.”

हे साळूबाईला पटलं. तिनं वात तुपात भिजवून निरांजनातच थिजवून टाकली, वर केळीचं पान बांधलं. गेल्या गेल्या पेटवता यावी म्हणून.

मग अंगावरच्या वस्तूंची पाळी आली. चाँदबीनं सांगितलं, की एक लोखंडी चौकट असती, तिच्यातून चालावं लागतं. अंगावर धातू असला की ती टीं टीं करती. मग बाईमाणूस पडद्यामागं नेती आणि अंगावरून दांडा फिरवती. “माझं तर चार वेळा वाजलं. पदराच्या पिनाच नऊ निघाल्या.”

साळूबाई त्या टीं टींलाच भ्याली. मशीन वाजलं आणि आपल्याला बाजूला बसवून विमान निघून गेलं तर? चार दिवसांत तिनं एकेक धातू अंगावरून उतरवला. पदराच्या पिना काढल्या. केसातले आकडे काढून सुती नाडीनं अंबाडा बांधायला शिकली. महेबूबभाईंनी तिच्या झंपरांचे हूक उसवून कापडी गुंड्या लावून दिल्या. “वहिनी, आता मशीनच्या बापालाबी काय सापडणार न्हाई,” ते म्हणाले.

जोडव्यांवर अडलं. धर्मराज जिवंत असताना जोडवी काढायची म्हणजे काय? साळूबाईनं दोन दिवस जोडव्यांना हात लावला नाही. शेवटी साबण लावून तिनं ती काढली, बोटांना हळदीत बुडवलेला दोरा बांधला आणि देवापुढं हात जोडून म्हणाली, “भावासाठी चाललेय. मालकाला काय होऊ देऊ नको.” मंगळसूत्र मात्र तिनं ठेवलं. ते वाजलं तर वाजू दे म्हणाली.

चाँदबीच्या अंगणात तालीमही झाली. शेळ्यांच्या गोठ्याचं दार ही चौकट. महेबूबभाई हातात कापड मोजायची पट्टी घेऊन पलीकडं उभे. साळूबाई दोन्ही हात पसरून दारातून निघाली की चाँदबी ओरडायची, “हात ढिल्ले सोड. पेरणी करून राह्यली का?” तिसऱ्या खेपेला शेळीच मध्ये घुसली. त्या चार दिवसांत साळूबाई एवढं एकदाच हसली.

तिकीट आलं ते धर्मराजच्या नावच्या पाकिटातून, जालन्याच्या कुरिअरवाल्याबरोबर. इंग्रजी वाचणारा जवळपास संपतच. त्यानं तारीख पाहिली, वेळ पाहिली, “सगळं बराबर हाय” म्हणाला. मग लाल कार्बनमध्ये उमटलेल्या अक्षरांवर बोट ठेवून त्यानं वाचलं, “सगुणा भुजंग तौर. हे कोण?”

साळूबाई कागदावर वाकली. पन्नास वर्षांत ते नाव तिनं भावाच्या तोंडून ऐकलं होतं, कागदावर असलेलं कधीच नाही.

“मीच,” ती म्हणाली. “माझंच नाव ते.”

“मंग साळूबाई?”

“ते इकडचं.”

संपतनं मान हलवली. त्याच्या आईचंही लग्नात असंच बदललेलं होतं, त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही. धर्मराज नुसता मिशीत हसला. “म्हंजी विमानात मी न्हाईच की तुझ्या नावात.”

“भावानं बोलावलंय, तर भावाच्याच नावानं बोलावणार की.”

ती घरी येताना फाट्यापासून पुढं पुढं चालली. ते तिकीट तिनं देवापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. कुणाच्याही मनात दुसरा विचार आला नाही. धर्मराजच्या नाही, चाँदबीच्या नाही, दिल्लीत बसलेल्या देवानंदच्याही नाही. त्यानं बापाला विचारलं होतं, आत्याचं पूर्ण नाव काय लिहू, आणि बापानं अंथरुणावर उठून बसत सांगितलं होतं. देवानंदला तरी जन्मापासून सगुणा आत्याच माहीत.

निघायच्या सकाळी चाँदबीनं बोटाएवढी बाटली आणून दिली. लाखेनं तोंड बंद केलेलं होतं. “झमझमचं पाणी हाय, मक्केहून आणलेलं. भाईजानच्या ओठाला दोन थेंब लाव. तुमच्यात चालत असंल तर.”

“चालत न्हाई म्हनायला कोण हाय तिथं?” साळूबाईनं ती बाटली अंगाऱ्याच्या पुडीशेजारीच ठेवली.

पहाटेची एसटी, जालन्याला बदलून औरंगाबाद, तिथून रिक्षा. साडेदहालाच दोघं विमानतळाच्या दारात उभे होते. साळूबाई मनातल्या मनात म्हणत होती, हात ढिले सोडायचे, पट्टी फिरवली तर हलायचं नाही. काचेतून आत ती चौकट दिसत होती. शेळ्यांच्या दारापेक्षा उंच होती, एवढंच.

दारावर बंदूकवाला जवान होता. पोरसवदा, उत्तरेकडचा. त्यानं तिकीट घेतलं, कार्ड घेतलं. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

“माताजी, ये कार्ड किसका है?”

“मेराच हाय.”

“और टिकट?”

“वोबी मेराच.”

“इसमें सगुणा है. इसमें साळूबाई है.”

धर्मराज पुढं झाला. हात जोडून म्हणाला, “साहेब, हीच सगुणा. लग्नात नाव बदललं. मीच बदललं, तांदळात लिहून.”

जवानाला कळेना. “शादी में तो पति का नाम जुड़ता है. पूरा नाम कैसे बदल गया? बाप का भी अलग है.” तो उद्धट नव्हता. त्यानं खरंच विचार करून पाहिला, त्याच्या गावाकडं असं काही होत नव्हतं. मग त्यानं आतून साहेबाला बोलावलं. साहेब मराठी निघाले, तेव्हा साळूबाईला वाटलं, सुटलो.

साहेबांना सगळं कळलं. तेच जास्त वाईट झालं.

“मावशी, माझ्या आईचंही बदललेलं आहे. मला माहीत आहे. पण मला कागद लागतो. सगुणा नाव असलेला एक कागद दाखवा. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, काहीही.”

साळूबाई विचार करू लागली. खरंच करू लागली, घरातली ट्रंक, देव्हारा, फडताळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. साठ वर्षांचं आयुष्य झालं आणि सगुणा नावाची बाई जन्माला आली होती असं सांगणारी एक चिठ्ठी नव्हती. होता तो एकच कागद, आणि तो साहेबांच्या हातात होता.

तिनं बाही वर केली. सैल पडलेल्या कातडीवर हिरवी अक्षरं पसरली होती, तरी वाचता येत होती. रखमाजी.

“ह्याच्याकडं चाललेय साहेब. त्यानंच दिलंय ते नाव लिहून. तो न्हाई ऱ्हायचा.”

साहेबांनी ते वाचलं. टोपी काढून पुन्हा घातली. “मावशी, मी आत सोडलं तरी पुढं दोन ठिकाणी अडवतील. माझ्या हातात नाही हो.”

आवारातल्या बूथवरून धर्मराजनं दिल्लीला फोन लावला. देवानंदनं तिकडून विमान कंपनीला विनवलं. नाव बदलून मिळत नाही, नवीन तिकीट काढा, आणि विमान तर भरलेलं आहे, असं उत्तर आलं. ह्या सगळ्यात दीड तास गेला. साळूबाई दारापासून हलली नाही. लोक येत होते, कार्ड दाखवून आत जात होते. एका बाईच्या बांगड्यांना चौकट वाजली, तिला पडद्यामागं नेलं आणि लगेच सोडलं. एवढंच होतं ते. त्या टीं टींला ती चार दिवस भीत होती.

विमान उडालं तेव्हा दोघं स्टेशनच्या रस्त्याला होते. रिक्षावर आवाज आला, साळूबाईनं बाहेर डोकं काढलं नाही.

दिल्लीवरून जाणारी अमृतसरची गाडी मिळाली. जनरलच्या डब्यात, संडासाच्या शेजारी, पिशवीवर बसून. मनमाड गेल्यावर धर्मराजचं तिच्या पायाकडं लक्ष गेलं. हळदीचा दोरा मळून काळा झाला होता. त्यानं पिशवीतून जोडवी काढून तिच्या हातात दिली. तिनं मान खाली घालून ती चढवली.

“मीच लिव्हलं न्हवं ते तांदळात,” धर्मराज म्हणाला. “दुसरं कायबी करता आलं असतं. आईला आई म्हणत व्हते सगळे. तुला सगुणा ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“तवा आपुन सांगून कोण ऐकत व्हतं,” ती म्हणाली. “पाणी प्या.”

गाडी दिल्लीला पाच तास उशिरा पोचली. फलाटावर देवानंद उभा होता. विजेच्या उजेडात त्याचं डोकं चकचकीत दिसलं आणि साळूबाई पायरीवरच थांबली. मागचे लोक ओरडू लागले, तेव्हा धर्मराजनं तिला धरून उतरवलं.

रखमाजी आदल्याच दिवशी दिवेलागणीला गेला होता. विमान चारला उतरणार होतं. देह आज दुपारपर्यंत ठेवला, गाडीचा पत्ता लागेना, शेवटी नेलं.

घरी गेल्यावर देवानंद आत्याच्या पायाशी बसला. “बाबा तीन वाजल्यापासून विचारत होते, विमान उतरलं का. मी म्हणायचो, उशीर आहे. मग म्हणाले, सगुणाला आत सोडलं का, भेदरली तर नसंल. मी खोटं बोललो आत्या. सोडलं म्हणालो. बसली विमानात, येतेय. तर म्हणाले, मंग येईल. आणि भिंतीकडं तोंड केलं.”

साळूबाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“नाव मी विचारायला पाहिजे होतं ग. कार्डावर काय आहे हे मी विचारलंच नाही.”

“तुजं काय चुकलं,” ती म्हणाली. “नाव बराबरच हाय.”

खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. भिंतीशी गव्हाच्या पिठावर पणती जळत होती. साळूबाईनं निरांजन काढलं. केळीचं पान सुकलं होतं, तुपातली वात तशीच होती. देवानंदच्या बायकोनं न सांगता काडेपेटी आणून दिली. ती हातात घेऊन साळूबाई खूप वेळ बसली, आणि मग न पेटवताच परत केली. गेलेल्याला ओवाळत नाहीत. एवढं तिला कळत होतं.

तेरावं करून दोघं वाटूरला परतले. चाँदबी दारात आलीच. साळूबाईनं पिशवीतून बाटली काढून तिच्या हातावर ठेवली. लाख फुटलेली नव्हती. चाँदबीनं ती पाहिली, आणि मग दोघी उंबऱ्यावरच बसल्या. महेबूबभाईंनी शिलाई मशीन बंद केलं. त्या दिवशी गल्लीत त्याचा आवाज आला नाही.

पिना पुन्हा पदराला लागल्या. झंपरांच्या गुंड्या मात्र साळूबाईनं बदलल्या नाहीत. महेबूबभाई म्हणाले, “वहिनी, द्या इकडं, हूक लावून देतो,” तर ती म्हणाली, “राहू द्या, ह्याच बऱ्या हायेत.”

तिकीट तिनं देव्हाऱ्यात, मारुतीच्या तसबिरीमागं ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण नाव कुठं आहे ते संपतच्या बोटानं तिला दाखवलं होतं. सकाळी दिवा लावला की ती तिथं एकदा बोट टेकवायची. लाल कार्बनची अक्षरं उन्हाळ्यापर्यंत गुलाबी झाली, पुढच्या दिवाळीपर्यंत नुसता डाग उरला. तरी ती त्याच जागेवर बोट टेकवायची.

त्या पुढच्या भाऊबीजेला तिनं चूल पेटवली नाही. धर्मराजनं शेजारून भाकरी आणली, तिच्यापुढं ताट ठेवलं. ती भिंतीला टेकून बसली होती. दोनदा “साळू, ऊठ” म्हणून झालं. मग तो खाली बसला, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा, चाचरत म्हणाला, “सगुणे, दोन घास खा.”

तिनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. म्हातारा झाला होता तोही.

“ते नका घेऊ तुमी,” ती म्हणाली. “ते राहू द्या तिकडंच. मला साळूच म्हणा.”

आणि ताट जवळ ओढून घेतलं.